माझ्या सासऱ्यांचे गव्हाचे डबे

आमच्या गावात गहू कुणी पेरत नाही. वाशिंद स्टेशनापासून आत, शहापूर तालुक्यातलं हे गाव. पावसाळ्यात भात, भात निघाला की वाल, विहिरीला पाणी असेल तर थोडी भाजी. गहू म्हणजे दुकानातून पिशवीत घालून आणायची वस्तू. म्हणून माझ्या सासऱ्यांनी घराच्या पडवीत डब्यांमध्ये गहू पेरला, तेव्हा येणारा-जाणारा थांबून बघायला लागला. काही जण हसले. रेल्वेत आयुष्य काढलेला माणूस, निवृत्त झाल्यावर डोक्यावर परिणाम झाला, असंही कुणी म्हणालं. ते माझ्या कानावर आलं आणि सासऱ्यांच्याही. ते हातातल्या तांब्यातून डब्यावर पाणी शिंपडत राहिले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी लग्न होऊन या घरात आले. माझं माहेर मुरबाडच्या पुढे, धसईच्या बाजूचं. वडील मी लहान असताना गेले. काकांनी मला वाढवलं, दहावीपर्यंत शिकवलं आणि लग्नही त्यांनीच करून दिलं. सासरी माणसं दोनच, सासरे आणि माझा नवरा. सासूबाई फार वर्षांपूर्वी गेल्या होत्या, नवरा तेव्हा शाळेतही जात नव्हता. तो आता वाशिंदच्या एका कारखान्यात पाळीवर कामाला होता. सासरे कसाऱ्याच्या घाटात रेल्वेच्या गँगमध्ये काम करून निवृत्त झाले होते. रूळ तपासायचे, खिळे ठोकायचे, पावसात दरड आली तर दगड हलवायचे. उंच, रापलेले, कमी बोलणारे. पहिले काही महिने मला त्यांची भीतीच वाटायची. जेवण कसं झालं हेसुद्धा ते सांगत नसत. ताट धुऊन ठेवलं की समजायचं, पोट भरलं.

लग्नाला वर्ष व्हायच्या आतच मला दिवस गेले. आनंद झाला, पण अंगात काही त्राण नव्हतं. विहिरीवरून एक हंडा आणला की उंबऱ्यावर बसावं लागायचं. डोळ्यांपुढे काळोख यायचा. शहापूरच्या सरकारी दवाखान्यात नवऱ्याने नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझी खालची पापणी ओढून बघितली, रक्त तपासायला पाठवलं आणि कागद हातात आल्यावर नवऱ्यालाच रागावल्या. रक्त फारच कमी होतं. लोहाच्या गोळ्या दिल्या, पालेभाजी, गूळ, नाचणी, अंडी खायला सांगितलं, आणि असंच राहिलं तर बाळंतपणाला ठाण्याला पाठवावं लागेल, असंही बजावलं.

गोळ्या सुरू केल्या आणि माझे हाल झाले. गोळी घेतली की मळमळायचं, पोट घट्ट व्हायचं, तोंडाला दिवसभर गंजाची चव. खाल्लेलं बाहेर पडायचं आणि बहुतेक वेळा त्याबरोबर गोळीही. घरात बाईमाणूस नाही, माहेर लांब. नवरा पाळी करून यायचा, विचारायचा, पण काय करावं ते त्यालाही कळत नव्हतं.

सासरे हे सगळं बघत होते, पण ते मला नंतर कळलं. एक दिवस सकाळी धुवट सदरा घालून ते कसाऱ्याची गाडी पकडायला निघाले. तिथून वर इगतपुरीला जाणार होते. त्यांच्या गँगचा जुना मुकादम तिथे राहायचा. मुकादमाच्या बायकोला मोठं आजारपण झालं होतं आणि त्यात कुणीतरी तिला गव्हाच्या कोवळ्या रोपांचा रस द्यायला सांगितलं होतं, एवढं त्यांनी पूर्वी कधी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी परत आले ते काखोटीला एक पिशवी घेऊन. पिशवीत गहू होता.

मग त्यांनी माळ्यावरचे तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे काढले. हॅक्सॉ ब्लेडने आडवे कापले, धारदार कडा हातोडीने ठोकून आत वळवल्या, बुडाला खिळ्याने भोकं पाडली. शेतातली माती आणि जुनं शेणखत चाळून त्यात भरलं. गहू रात्रभर भिजत घालायचा, मग फडक्यात बांधून मोड आणायचे आणि मातीवर दाट पसरायचा, अशी रीत ते शिकून आले होते. डबे पडवीत, ऊन थेट लागणार नाही अशा जागी मांडले. रोज एक डबा पेरायचा, म्हणजे पहिला कापायला येईपर्यंत मागचे तयार होत राहतात. वारांवरून त्यांची नावं पडली, सोमवारचा डबा, मंगळवारचा डबा.

पहिला हप्ता वाया गेला. मुकादमाकडून आणलेला गहू रेशनचा निघाला, त्याला मोडच आले नाहीत. मग शहापूरच्या बाजारात जाऊन, दुकानदाराला चार वेळा विचारून, औषध न लावलेला नवा गहू आणला. तो उगवला, पण पाणी जास्त झालं आणि बुडाशी पांढरी बुरशी धरली. नवरा म्हणाला, वरचं वर कापून घेऊ. सासऱ्यांनी अख्खा डबा खतात उलटा केला. पोटातल्या पोराला असलं द्यायचं नाही, एवढंच म्हणाले.

तिसऱ्या खेपेला डबे हिरवेगार झाले. गवत वीतभर वाढलं तेव्हा त्यांनी ते कात्रीने कापलं, उकळून गार केलेल्या पाण्यात दोनदा धुतलं आणि पाट्यावर वाटायला बसले. आमच्याकडे तेव्हा मिक्सर नव्हता. मी म्हटलं, बाबा, मी वाटते. त्यांनी मान हलवली. माझ्या माहितीत त्यांनी त्याआधी पाट्याला कधी हात लावला नव्हता. घाटात घण मारलेले ते हात वरवंट्यावर अवघडल्यासारखे फिरत होते आणि समोरच्या घरातल्या बायका दारात येऊन बघत होत्या. फडक्यातून पिळून छोट्या पेल्यात अर्धा पेला रस निघाला. गर्द हिरवा, वर थोडा फेस.

"घे गो बाय," ते म्हणाले. "नाक धरून घे."

पहिला घोट मी घेतला आणि मला गोठ्यातल्या ओल्या चाऱ्याची आठवण झाली. चव गोडसर होती, पण वास नकोसा. निम्मा प्यायले आणि तेवढाही उलटून पडला. मला वाटलं, आता हे रागावतील. ते पेला विसळायला आत गेले आणि दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या पेल्याऐवजी दोन चमचे द्यायला लागले. मग चार. पंधरा-वीस दिवसांत मी पेला सरळ तोंडाला लावायला लागले.

एवढ्यावर ते थांबले असते तरी मला त्यांचं कौतुकच राहिलं असतं. पण पुढच्या तपासणीला ते स्वतः माझ्याबरोबर आले. बरोबर रुमालात बांधून गवताची एक मूठ आणली होती. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ती ठेवली आणि विचारलं, हिला याचा रस देतोय, चालेल का? बाईंनी गवत हातात घेतलं, वास घेतला. त्यांनी सांगितलं की ही एक पालेभाजीच समजा, स्वच्छ धुऊन ताजा रस दिलात तर द्यायला हरकत नाही. पण एवढ्या रसाने एवढं रक्त भरून येणार नाही. गोळ्या बंद करायच्या नाहीत. मग माझ्याकडे वळून विचारलं की गोळ्या घेतेस ना? मी खरं ते सांगितलं, की पोटात राहत नाहीत. त्यांनी गोळी बदलून दिली, उपाशीपोटी घेऊ नको, दुपारच्या जेवणानंतर लिंबाच्या पाण्याबरोबर घे, आणि त्यावर लगेच चहा पिऊ नको, असं नीट समजावलं.

त्या दिवसापासून आमच्या घराचं वेळापत्रक ठरलं. सकाळी उपाशीपोटी रस. दुपारी जेवण झालं की सासरे समोर येऊन बसायचे, एका हातात गोळी, दुसऱ्या हातात लिंबाचं पाणी. मी गिळली की तोंड उघडून दाखवायला लावायचे. लहान मुलासारखी मी आ करायचे आणि नवरा भिंतीआड हसायचा. संध्याकाळी नाचणीची भाकरी आणि कसली तरी पालेभाजी. दुपारचा चहा तर त्यांनी घरातून बंदच केला, स्वतःचासुद्धा.

हळूहळू फरक पडला. आधी पोट साफ व्हायला लागलं, मग भूक लागायला लागली. रस प्यायल्यावर तासाभराने मला सपाटून भूक लागायची, ती मला अजून आठवते. मग एक दिवस विहिरीवरून हंडा आणून मी सरळ चुलीपर्यंत गेले आणि उंबऱ्यावर बसायचं राहिलं हे माझ्या नंतर लक्षात आलं. पुढच्या तपासणीत रक्त वाढलं होतं. त्याच्या पुढच्या तपासणीत आणखी वाढलं. डॉक्टरीणबाई सासऱ्यांना म्हणाल्या की सुनेची अशी काळजी घेणारा सासरा त्यांनी बघितला नव्हता. सासरे खाली बघत उभे राहिले.

घरी येताना एसटीत मी त्यांना विचारलं, बाबा, रसानं वाढलं का गोळीनं? ते खिडकीबाहेर बघत होते. तसेच बाहेर बघत म्हणाले, "कशानं का होईना. तुझी सासू अशीच पांढरी दिसायची. मला तेव्हा काय कळलं नाय."

सासूबाईंविषयी ते माझ्यापाशी बोलले ते एवढंच. 

मला मुलगी झाली, शहापूरच्याच दवाखान्यात. ठाण्याला जावं लागलं नाही. बाळ वजनाने चांगलं होतं. सासरे तिला बघायला आले तेव्हा त्यांच्या नखांत डब्यातली माती होती आणि आयाबाईने आधी त्यांना हात धुऊन यायला लावलं.

त्यानंतर गावातलं हसणं थांबलं. आधी समोरच्या घरातली सून आली, तिलाही रक्त कमी सांगितलं होतं. मग तिची बहीण, मग शेजारच्या पाड्यावरच्या बायका. कुणी सांधे दुखतात म्हणून, कुणी थकवा येतो म्हणून, कुणाला तोंड येत होतं. सासऱ्यांनी रस कधी विकला नाही आणि कुणाला फार दिवस आयता दिलाही नाही. डबा कसा कापायचा, गहू कुठला घ्यायचा, पाणी किती, बुरशी कशी ओळखायची, हे ते करून दाखवायचे आणि मोड आलेला मूठभर गहू हातावर ठेवायचे. पण त्याआधी प्रत्येकाला विचारायचे की डॉक्टरला दाखवलंस का? नाही म्हटलं तर आधी तिकडे पाठवायचे. काही जणांना ते आवडायचं नाही. गवत मागायला आलोय, उपदेश कशाला, असं तोंडावर बोलणारेही होते. ते ऐकून घ्यायचे आणि पुन्हा तेच विचारायचे. दोन-तीन वर्षांत आमच्या आळीतल्या बऱ्याच पडव्यांमधून पत्र्याचे हिरवे डबे दिसायला लागले. नवरा मिक्सर घेऊन आला तेव्हा पाट्याला सुट्टी मिळाली. भारनियमन असलं की सासरे पुन्हा पाट्यावर बसायचे.

दोन हजार साल उलटून गेल्यावर माझ्या काकांचं आजारपण आलं. काका मुरबाड ते कल्याण जीप चालवायचे, काळीपिवळी. खोकला लागला, वजन उतरलं, संध्याकाळी कणकण यायची. मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात क्षय निघाला. त्यांनी ही गोष्ट जीपवाल्यांपासून लपवली, कारण कळलं असतं तर जीपमध्ये कुणी बसलं नसतं. गोळ्या सुरू झाल्या. दोनेक महिन्यांत खोकला थांबला, अंग भरायला लागलं. आणि मग त्यांचा निरोप आला. माझी तब्येत गव्हाच्या रसाने सुधारली हे सगळ्या माहेराला माहीत होतं. गोळ्यांनी पोटात जळजळ होते, त्या सोडल्या आहेत, आता तुझ्या सासऱ्यांचा रसच घेणार आहे, दोन-चार डबे पाठवून दे, असा तो निरोप होता.

मला वाटलं, सासऱ्यांना बरं वाटेल. त्यांची कीर्ती मुरबाडच्या पुढे पोहोचली होती. त्यांनी निरोप ऐकला, पुन्हा सांगायला लावला आणि म्हणाले, उद्या आपण जाऊ. पडवीतला सगळ्यात चांगला डबा त्यांनी फडक्यात बांधला. किन्हवलीवरून मुरबाडला जाणाऱ्या एसटीत तो डबा पूर्ण वेळ त्यांच्या मांडीवर होता. माझ्या मांडीवर मुलगी.

काकांनी स्वागत केलं. व्याही घरी आले म्हणून काकूने चहा टाकला, कोंबडी कापायचं ठरलं. काकांनी डब्याकडे हात केला तेव्हा सासऱ्यांनी तो उचलून आपल्या मागे ठेवला आणि विचारलं, गोळ्या कुठायत?

काका हसले. म्हणाले, सोडल्या की. आता गरज नाही, खोकला गेला.

"मंग हा डबा मी परत नेतो," सासरे म्हणाले.

काकांना आधी ती गंमत वाटली. सासरे हसत नाहीत हे बघून त्यांचा चेहरा बदलला. तुम्हीच तर सगळ्यांना रस प्यायला सांगता, मग मलाच का नाही, असं त्यांनी विचारलं. सासऱ्यांनी सांगितलं की रस प्या असं सांगतो, गोळ्या सोडा असं आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. ही पोर बरी झाली ती गोळ्या घेऊन, मी रोज तिचं तोंड उघडून बघायचो. रसाने भूक लागते, पोट साफ होतं, अंगात तरतरी येते, ते मी डोळ्यांनी बघितलंय. छातीतला आजार रसाने जातो असं मी बघितलेलं नाही आणि न बघितलेलं मी सांगणार नाही.

काका चिडले. माझ्याच घरात मला शिकवू नका, पाहुणे म्हणून आलात, पाहुण्यासारखं बसा, असं बोलून गेले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी मान खाली घातली. आमच्याकडे मुलीच्या सासऱ्याशी असं कुणी बोलत नाही, आणि बोललंच तर तो उठून जातो, मग वर्षानुवर्षं येणं-जाणं बंद होतं. मला वाटलं, आता हे उठतील.

ते उठले नाहीत. म्हणाले, "मी व्याही म्हणून नाय आलो. हिचा बाप नाय, तुमीच हिचे बाप. तुमाला काय झालं तर हिनं कुठं जायाचं?"

 मग काकू पुढे आली. फळीवरचं गोळ्यांचं पाकीट तिने उचलून आणलं आणि सासऱ्यांच्या समोर ठेवलं. ते तिने जपून ठेवलं होतं, काकांनी टाकून द्यायला सांगितलं होतं तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्याच जीपमधून दोघं मुरबाडच्या दवाखान्यात गेले. तिथे काकांना चांगलीच बोलणी बसली. मध्येच गोळ्या सोडल्या की आजार जास्त जोराने उलटतो आणि मग त्याच गोळ्या लागू पडत नाहीत, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं. थुंकी पुन्हा तपासली, उपचार पुन्हा सुरू केले, जळजळीसाठी वेगळी गोळी दिली. सासऱ्यांनी तिथेही विचारून घेतलं की रस दिला तर चालेल का. डॉक्टर म्हणाले, द्या, दूध, अंडी, डाळ, सगळंच द्या, पण गोळ्या एक दिवसही चुकता कामा नये.

मी मुलीला घेऊन परत आले. सासरे मात्र तिथेच राहिले. मुलाच्या बापाने सुनेच्या माहेरी मुक्काम करायचा, हे लोकांना विचित्र वाटलं असणार. त्यांनी काकांच्या ओसरीवर डबे मांडले, काकूला सगळं शिकवलं. सकाळी आधी रस, मग न्याहारी, मग गोळ्या. गोळ्या झाल्या की काकांना आ करायला लावायचे, जसं मला लावायचे. जवळजवळ महिनाभर ते तिथे होते. परतले तेव्हा काकूचा हात बसला होता आणि दोघा व्याह्यांची चांगली गट्टी जमली होती. काका जीपवर निघाले की सासरे बाजूच्या सीटवर बसून कल्याणपर्यंत जायचे, असं कळलं. जो माणूस आमच्या घरात दहा वाक्यं सलग बोलला नव्हता, तो तिथे घाटातल्या गोष्टी सांगून उतारूंना हसवायचा म्हणे.

काकांचा उपचार पूर्ण झाला. छातीचा फोटो स्वच्छ आला त्या दिवशी ते कुणाला न कळवता जीप घेऊन थेट आमच्या दारात आले. फोटोचा मोठा लिफाफा सासऱ्यांच्या हातात देऊन म्हणाले, बघा. सासऱ्यांनी फोटो उजेडात धरून बराच वेळ बघितला. त्यातलं काय कळत होतं कुणास ठाऊक. मग म्हणाले, झकास, आणि मला चहा ठेवायला सांगितला.

मी आता या वयात गव्हाच्या रसाविषयी पुष्कळ ऐकते. कुणी त्याला अमृत म्हणतं, कुणी सगळ्या रोगांवरचं औषध, कुणी थोतांड. मी त्यावर वाद घालत नाही. मी सकाळी तो अजून घेते. त्याने माझं पोट बरं राहतं, भूक वेळेवर लागते, दिवस हलका जातो. माझं रक्त वाढलं त्यात त्याचा वाटा किती आणि गोळ्यांचा, नाचणीचा, लिंबाचा किती, ते मला सांगता येणार नाही. माझ्यासाठी तो रस वाटणारा माणूस कोण होता, ते मात्र मी कुणालाही सांगते.

काका बरे झाले, त्यानंतर काही वर्षांनी त्यांच्या मुलीचं लग्न मुरबाडला झालं. हॉल भरला होता. बुद्धवंदना झाली, वधूवरांवर फुलं पडली, आणि मग काकांनी माइक हातात घेतला. जीपवाले सगळे समोर बसले होते. त्यांच्यासमोर काकांनी पहिल्यांदा उघड सांगितलं की मला क्षय झाला होता, आणि आज मी पोरीच्या लग्नात उभा आहे तो दवाखान्यातल्या गोळ्यांमुळे आणि त्या मला सोडू न देणाऱ्या माझ्या व्याह्यांमुळे. मग ते खाली उतरले, मागच्या रांगेत बसलेल्या सासऱ्यांचा हात धरला आणि त्यांना पुढच्या खुर्चीवर आणून बसवलं. सासरे सदऱ्याची बाही ओढत, कुठे बघावं ते न कळून बसले होते.

माझ्या शेजारी माहेरची एक लांबची आजी बसली होती. तिला कमी दिसायचं. तिने मला कोपराने ढोसलं आणि विचारलं, "कोण गो तो?"

"माझे सासरे," मी म्हटलं. तिला ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा एकदा मोठ्याने म्हटलं, तेव्हा पुढच्या दोन रांगांनी वळून बघितलं.